नव्या माशाला धाप लागली? बाटली उघडण्याआधी घड्याळ बघा

संध्याकाळी पिशवीतून टँकमध्ये सोडलेला मासा रात्री दहा वाजता एका कोपऱ्यात उभा असतो. तोंड मिटत नाही, कल्ल्यांची झाकणं लोहाराच्या भात्यासारखी हलत असतात. दुकानदाराला फोन लावला की तो म्हणतो, "दादा, नवीन आहे, होईल सेट. नाहीतर निळ्या औषधाचे दहा थेंब टाका." आपण टाकतो. पाणी निळं होतं. सकाळी मासा एकतर बरा असतो, नाहीतर खडकामागं आडवा पडलेला. काय झालं होतं, ते दोन्ही वेळा कळत नाही.

खाऱ्या पाण्याचे मासे पाळायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत माझे जे मासे गेले, त्यातले निम्मे तरी मी चुकीच्या वेळी चुकीचं औषध टाकून घालवले, असं आता वाटतं. धापेमागं डझनभर कारणं असू शकतात. पिशवीतला अमोनिया, पाण्यातला कमी ऑक्सिजन, खारेपणातला फरक, कल्ल्यांत घुसलेले परजीवी, शेजारच्या खोलीत मारलेला झुरळांचा स्प्रे. काचेबाहेरून हे सगळं सारखंच दिसतं. त्यांना वेगळं काढणारे दोन प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडले: धाप कोणाकोणाला लागली आहे, आणि मासा सोडल्यापासून किती वेळानं लागली?

पहिली पाच मिनिटं: हवा

कारण काहीही असो, एक गोष्ट लगेच करा. वेव्हमेकरचं, म्हणजे प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचं, तोंड वर वळवा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग सतत फुटत राहील. एअर पंप असेल तर एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा. दिवे बंद करा. टँकवर काचेचं झाकण असेल तर ते काढून जाळी ठेवा, कारण घाबरलेला मासा उडी मारतो आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो. बुडबुड्यांतून ऑक्सिजन "आत जातो" असं आपण म्हणतो, पण बराचसा फायदा पृष्ठभाग ढवळला गेल्यामुळं होतो. ऑक्सिजन तिथूनच आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर हे दोन्ही मंदावतं. तो तवंग किचन टॉवेल पसरून उचलून घ्या.

यानं निदान बिघडत नाही. औषधानं बिघडतं.

हवेची एवढी घाई का, ते आकड्यांत बघा. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ८.२ मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. पाणी ३० अंशांवर गेलं की हाच आकडा ६.२ च्या आसपास येतो. आपल्या नाकासमोरच्या एक लिटर हवेत याच्या चाळीसेक पट ऑक्सिजन असतो. म्हणजे खाऱ्या पाण्यातला मासा मुळातच हातावर पोट असल्यासारखा जगतो, आणि पाणी तापलं की त्याची गरज वाढते, पुरवठा घटतो. शिवाय कल्ले केवळ श्वासासाठी नसतात. समुद्रातला मासा सतत पाणी पितो, त्यातलं जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि शरीरातला अमोनियाही तिथूनच सोडतो. कल्ल्यांना इजा झाली की ही तिन्ही कामं एकदम अडतात.

खरंच धाप आहे का? मोजा

"जोरात श्वास घेतोय" हे वर्णन झालं. आकडा लागतो. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडलं ते मोजा आणि चारानं गुणा. माझ्या टँकमधले मध्यम आकाराचे मासे शांत उभे असताना मिनिटाला साठ ते नव्वदच्या दरम्यान असतात. लहान क्रोमिस यापेक्षा भरभर, लायनफिश सावकाश. म्हणून सगळ्यांत चांगली तुलना त्याच माशाशी. दुकानात विकत घेण्याआधीच मोजून ठेवा. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे. तिथंच शंभराच्या वर असेल तर तो मासा तिथंच राहू द्या.

सोडल्यानंतर पंधरा मिनिटांनी, एका तासानं, तीन तासांनी, झोपण्याआधी आणि पहाटे दिवे लागण्याआधी मोजा आणि लिहून ठेवा. एका वहीत पाच आकडे, बस. १४०, ११०, ९०, ८० असा उतरता क्रम दिसला तर तो प्रवासाचा शीण. मासा एकटा सोडा, खायला घालू नका, काचेजवळ गर्दी करू नका. आकडा तीन तासांनंतरही एकशेवीसच्या वर अडकला, किंवा उतरून पुन्हा चढायला लागला, तर पुढं वाचा.

काही मासे धाप लागल्याचा नुसता भास देतात. हॅचरीत वाढलेले क्लाऊनफिश नव्या टँकमध्ये कित्येक दिवस वरच्या कोपऱ्यात डुलत राहतात, रात्री तिरके होऊन झोपतात. त्यांना हवा कमी पडतेय असं समजून लोक हैराण होतात. ब्लेनी दगडावर बसून तोंड उघडझाप करत असते, तिचा तो स्वभावच. वाळूत शिरणारे रास (wrasse) जातीचे मासे दोन-तीन दिवस दिसतच नाहीत. त्यांना शोधायला वाळू उकरलीत तर धाप तुम्हीच लावाल. अधूनमधून एखादी जांभईही सगळेच देतात. मिनिटाला तीन-चार जांभया, डोक्याला झटके, दगडावर अंग घासणं हे मात्र वेगळं.

एकटाच, की सगळे?

आता टॉर्च घ्या आणि जुन्या रहिवाशांकडे बघा.

सगळेच मासे धापत असतील तर दोष पाण्यात आहे, नव्या माशात नाही. तो फक्त सगळ्यांत अशक्त, म्हणून आधी दिसला. पहिलं, थर्मामीटर. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चिलर नसलेला टँक सहज ३० च्या वर जातो. पंखा लावून पाण्याची वाफ करायची युक्ती पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरवते. मुंबईत किंवा कोकणपट्टीत, त्यातही जूनच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग होत नाही. बर्फ थेट पाण्यात टाकू नका. पाण्याची बाटली गोठवून ती तरंगत ठेवा.

दुसरं, रात्री वीज गेली होती का? स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, हा खाऱ्या टँकमधला सगळ्यांत मोठा हवा देणारा. तो तीन तास बंद पडला आणि इन्व्हर्टरवर फक्त घरातले पंखे असले की पहाटेपर्यंत सगळे मासे पृष्ठभागाशी येतात. एक साधा बॅटरीवरचा एअर पंप कपाटात असावा. माशापेक्षा तो स्वस्त असतो.

तिसरं कारण बरेच जण विसरतात: कार्बन डायऑक्साइड. एसी लावलेली बंद खोली, आत चार माणसं, रात्रभर दार लावलेलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तोच पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. ऑक्सिजन पुरेसा असूनही माशाला रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही. याची परीक्षा सोपी आहे. टँकमधलं एक भांडं पाणी घ्या, पीएच मोजा, खिडकीत ठेवून त्यात तासभर एअरस्टोन चालवा, पुन्हा मोजा. ७.८ चा ८.१ झाला, तर खिडकी उघडणं हाच उपाय. पीएच वाढवायची बाटली घेऊ नका.

चौथं, विष. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे ध्यानात ठेवा. डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, दिवाळीआधीचा रंग. डास-झुरळांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं माणसाला थोडक्यात सोडतात, माशांना नाही, आणि कोळंबीला तर मुळीच नाही. म्हणून अशा वेळी क्लीनर श्रिंपकडे बघा. मासे धापताहेत आणि श्रिंपही उलटी पडली असेल तर विषाचा संशय आधी. मासे धापताहेत पण श्रिंप मजेत फिरतेय, तर अमोनिया, ऑक्सिजन किंवा परजीवी. विषाचा संशय असेल तर पंप दुसऱ्या खोलीत न्या, चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि तिसरा ते निम्मा भाग पाणी बदला.

त्यासाठीचं पाणी मात्र आदल्या दिवशी कालवलेलं असावं. मीठ टाकून अर्ध्या तासात ओतलेलं पाणी कल्ल्यांना जाळतं. सरळ नळाचं वापरलं तर महापालिकेचं क्लोरीनही सोबत येतं. मी यासाठी वीसेक लिटर खारं पाणी कायम झाकून ठेवतो, त्यात छोटा पंप फिरत असतो.

आणि एक. नव्या माशासाठी घर करायला म्हणून खडक हलवले होते का? जुन्या खोल वाळूत काळे पट्टे दिसत असतील, सडक्या अंड्याचा वास आला असेल, तर हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडला आहे. इथं निदानात वेळ घालवू नका. मासे दुसऱ्या पाण्यात काढा.

जुने सगळे मजेत आणि फक्त नवा धापतोय, असं असेल तर घड्याळाकडे वळायचं.

पहिला तास: पिशवीचं देणं

पिशवी उघडल्यावर एक कप पाणी झाकणाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय लावून घ्या. तो सगळ्यांत स्वस्त पुरावा. त्यात अमोनिया आणि सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, मोजली की पहिल्या तासातल्या धापेचं निम्मं उत्तर मिळतं.

पिशवीत काय होतं ते कळलं की पुढचं सगळं उलगडतं. मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ८.२ वरून सातच्या आसपास घसरतो. अमोनियाही साठतो, पण आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि तो त्या मानानं निरुपद्रवी. पीएच ७ ला विषारी अमोनियाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर ८.२ ला सहा-सात टक्के. आता तुम्ही पिशवी उघडता. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढू लागतो आणि तोच अमोनिया बारा-पंधरा पट जहाल होतो. अशा पाण्यात नळी लावून दोन तास थेंब-थेंब पाणी घालत बसणं म्हणजे माशाला सावकाश भाजणं. इतकी वर्षं आपण एकमेकांना "सावकाश, अजून सावकाश" हाच सल्ला देत आलो. अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या दुकानातून आणलेल्या माशाला तो चालतो. चेन्नईहून रात्रभर पार्सलनं आलेल्या माशाला तो मारतो.

लांबून आलेल्या माशासाठी मी असं करतो. क्वारंटाइन टँकची (नव्या माशाला वेगळं ठेवायच्या टँकची) सॅलिनिटी आधीच दुकानाच्या पाण्याएवढी करून ठेवतो. दुकानदाराला विचारून घ्यायचं आणि पिशवी आल्यावर रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रानं, खात्री करायची. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवतो. मग पिशवी उघडून मासा लगेच हातानं किंवा डब्यानं उचलून टँकमध्ये. पिशवीचं पाणी मोरीत.

सॅलिनिटी हा या खेळातला छुपा खेळाडू. बरेच विक्रेते मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून पाण्याची सापेक्ष घनता १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. आपला टँक १.०२५ वर. खारेपणा एकदम उतरला तर मासा तो बऱ्यापैकी सोसतो. एकदम चढला तर त्याच्या शरीरातलं पाणी ओढलं जातं, आणि त्याचा परिणाम कधी त्याच दिवशी दिसतो, कधी दोन-तीन दिवसांनी. चढ दिवसाला ०.००१ ते ०.००२ इतकाच द्यावा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणानं जुळवून घ्या. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र वरच्या टोकाला चुकू शकतं. काटा हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर मी विश्वास ठेवणं कधीच सोडलं.

पहिल्या तासात अमोनिया हेच कारण ठरलं तर मासा स्वच्छ, हवेशीर, बरोबर सॅलिनिटीच्या पाण्यात असणं हाच मुख्य उपचार. ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, उपयोगी पडलंच तर इथं, वेगळ्या टबात. मुख्य टँकमध्ये ते ओतलं तर अमोनिया खाणारे जीवाणूच मरतात आणि तुम्ही नवा अमोनिया तयार करता.

गोड्या पाण्याकडून इकडे आलेले लोक नायट्राइटला, म्हणजे जीवाणूंनी अमोनियापासून बनवलेल्या द्रव्याला, फार घाबरतात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते कल्ल्यांशी नायट्राइटला शिरूच देत नाही. किटवर थोडं नायट्राइट दिसलं म्हणून नव्या माशाची धाप त्याच्या माथी मारू नका, खरा गुन्हेगार सुटेल.

पहिली रात्र: अंधारात काय होतं?

संध्याकाळी नव्वद, पहाटे एकशेचाळीस, आणि दिवे लागून दोन तासांत पुन्हा शंभर: ही ऑक्सिजनची सही आहे. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, त्यामुळं पहाट ही चोवीस तासांतली सर्वांत वाईट वेळ. नव्यानं वाढलेले मासे, जास्त पडलेलं खाणं, मंद प्रवाह, सगळं पहाटे एकत्र येतं. अँथियास आणि टँग या माशांना हे आधी जाणवतं.

दुसरी शक्यता मारामारी. परांच्या कडा फाटल्यात का, मासा खडकाच्या एकाच फटीत अडकून आहे का, कोणी दमसेल मासा किंवा जुना टँग त्या फटीसमोर पहारा देतोय का, ते बघा. काचेला बाहेरून आरसा लावला तर जुना दादा स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला दोन दिवस उसंत मिळते. हसू नका, चालतं.

दुसरा ते सहावा दिवस: इथं चुकलात तर टँक रिकामा

या टप्प्यासाठीच खरं तर हा लेख लिहितोय.

माझ्याकडे एक रीगल टँग होता. पहिले दोन दिवस उत्तम, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून ओढून खात होता. तिसऱ्या दिवशी तो वेव्हमेकरच्या तोंडासमोर उभा राहू लागला. मला वाटलं प्रवाहाची मजा घेतोय, मी घरच्यांना बोलावून दाखवलंसुद्धा. चौथ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं, दिवा लागला की खडकामागं जायचा, श्वास दीडशेच्या पुढं. अंगावर एकही डाग नव्हता, म्हणून मी निर्धास्त. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला. त्यानंतर चार दिवसांत दोन क्लाऊनफिश आणि एक यलो टँग.

तो मरीन वेल्वेट होता. ॲमिलुडिनियम ओसेलेटम नावाचा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव. तो बहुतेकदा आधी कल्ल्यांत बसतो, त्यामुळं अंगावर काही दिसायच्या आधीच श्वास जातो. माशावर खाऊन पिऊन झालं की तो गळून तळाशी पडतो, तिथं विभागत जातो आणि एकाची जास्तीत जास्त २५६ पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. उबदार पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आतच पूर्ण होतं. म्हणून दुसऱ्या फेरीत टँक संपतो.

वेल्वेटची चौकडी पाठ करा: धाप, खाणं बंद, उजेड नको, प्रवाहाच्या तोंडाशी उभं राहणं. यातल्या तीन गोष्टी दुसऱ्या ते सहाव्या दिवसात दिसल्या तर डागांची वाट बघू नका. खोली अंधारी करून टॉर्च बाजूनं, अंगाला चाटून जाईल अशी धरा. पिठीसाखर भुरभुरवल्यासारखी बारीक सोनेरी-करडी धूळ दिसली तर शिक्कामोर्तब. दिसली नाही, तरी सुटका नाही.

याची गल्लत सर्वाधिक होते ती पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराशी, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनशी. त्याचे ठिपके मिठाच्या खड्यांसारखे, सुटे, मोजता येतील असे. दोन-तीन दिवसांत गायब होतात आणि मग दुप्पट होऊन परततात. त्यातला मासा बहुधा खात राहतो. क्लाऊनफिशमध्ये, त्यातही समुद्रातून पकडलेल्या, तिसरा संशयित ब्रुकलिनेला. अंगावरची बुळबुळ पांढऱ्या पापुद्र्यांसारखी सुटू लागते, रंग धुरकट होतो, धाप जबर. वेल्वेटवर औषध म्हणून वापरतात ते तांबं त्याला लागू पडत नाही. त्यासाठी फॉर्मेलिनचं स्नान लागतं, तेही भरपूर हवा देऊन, कारण फॉर्मेलिन स्वतःच पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं. फॉर्मेलिन हातमोजे घालून, खिडकी उघडून वापरायची वस्तू आहे, आणि प्रमाण बाटलीवरच्या तीव्रतेप्रमाणं बदलतं. हिरव्या क्रोमिसच्या अंगावर बरगडीजवळ लाल चट्टा आणि धाप एकत्र दिसली तर युरोनिमाचा संशय धरा. त्यातून मासा क्वचितच परततो.

एक आठवड्यानंतर

सात-दहा दिवस बरा असलेला मासा हळूहळू जोरात श्वास घ्यायला लागला, खातोय, पण जांभया, डोक्याचे झटके, आणि एका बाजूचा कल्ला मिटलेला, दुसऱ्यानंच श्वास चाललाय, असं दिसलं तर फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. यावर प्राझिक्वांटेल चालतं, साधारण अडीच मिलीग्रॅम प्रति लिटर. ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि टाकल्यावर जीवाणू वाढून पाणी दुधाळ होऊ शकतं, म्हणून एअरस्टोन दुप्पट. अंडी औषधाला दाद देत नाहीत, त्यामुळं साधारण आठवड्यानं दुसरा डोस लागतोच.

गोड्या पाण्याची डुबकी: तपासणीही, आरामही

फ्लूक की वेल्वेट, अशी शंका असेल तर ही चाचणी मला फार आवडते. आरओचं पाच लिटर पाणी काळ्या किंवा गडद टबात घ्या. तापमान टँकइतकं. चिमूटभर खायचा सोडा टाकून पीएच ८.२ च्या जवळ आणा. बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी असते. अर्धा तास एअरस्टोन चालवा, मगच मासा घाला. पाच मिनिटं, हातात घड्याळ.

पहिल्या मिनिटाला मासा आडवा पडून रुसल्यासारखा करेल, ते बहुतेकदा ठीक. पूर्ण निपचित झाला किंवा उसळ्या मारून भिंतीवर आपटू लागला तर लगेच बाहेर. मासा काढल्यावर पाणी हळूहळू ओता आणि तळ बघा. पांढरे, तिळाएवढे, पारदर्शकतेकडून दुधी झालेले चपटे तुकडे दिसले तर ते निओबेनेडेनियासारखे फ्लूक. काहीच न पडता मासा डुबकीनंतर काही तास बराच मोकळा श्वास घेऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धापला, तर वेल्वेटचं पारडं जड. डुबकीनं वेल्वेट बरा होत नाही. फक्त वेळ मिळतो.

मासा हातात असतानाच ओल्या बोटानं कल्ल्याचं झाकण अलगद किंचित उचलून आत डोकवा. निरोगी कल्ले गर्द लाल. फिकट गुलाबी किंवा पांढरट असतील तर रक्त कमी झालंय, बहुधा परजीवींमुळं. कल्ल्यांवर दाट चिकट थर असेल तर ते चिडलेत. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ बघत बसू नका.

वेल्वेट ठरला तर

उपचार वेगळ्या टँकमध्येच. एक साधा चाळीस-पन्नास लिटरचा टँक, पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला, स्पंज फिल्टर, हीटर, एअरस्टोन. वाळू आणि खडक नकोत, ते तांबं शोषतात. आयनिक (साधं, मोकळं) तांबं असेल तर पाण्यात ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम प्रति लिटर टिकवायचं. कीलेटेड (दुसऱ्या द्रव्याशी बांधलेल्या) तांब्याची पातळी वेगळी, त्याच्या बाटलीवरचीच धरा, आणि किटही त्या प्रकाराला चालणारं घ्या. किट नसेल तर तांबं हातात घेऊ नका. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. सलग महिनाभर पातळी टिकवायची. या काळात अमोनिया "बांधणारी" द्रव्यं टाकू नका, ती तांब्याशी मिळून ते जास्त विषारी करू शकतात. अमोनिया चढला तर पाणी बदला आणि तेवढं तांबं पुन्हा घाला. तांब्याला नाजूक असलेल्या माशांसाठी क्लोरोक्विन फॉस्फेट हा पर्याय आहे, पण ते पशुवैद्याला विचारून.

मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही. तिथले सगळे मासे बाहेर काढायचे, एकही नाही ठेवायचा, आणि वेल्वेटसाठी किमान सहा आठवडे टँक माशांविना चालवायचा. क्रिप्टोकॅरिऑन असेल तर ७६ दिवस. श्रिंप, गोगलगायी, तारामासे आत राहू शकतात, त्यांना हा आजार होत नाही. हे लिहायला सोपं आहे. मी पहिल्यांदा सहा आठवडे रिकाम्या टँककडे बघत बसलो तेव्हा घरात रोज कोणीतरी विचारायचं, "मग आता याचं काय करायचं?" अर्धा सप्टेंबर आणि सगळा गणपतीचा पाहुण्यांचा मोसम त्यात गेला.

मासा गेलाच तर

फेकू नका, निदान लगेच नको. मेल्यानंतर तासाभरात कल्ल्याचा एक छोटा तुकडा कात्रीनं कापून काचपट्टीवर घ्या, खाऱ्या पाण्याचा थेंब टाका, वर कव्हरस्लिप. शाळेतला शंभरपट दाखवणारा मायक्रोस्कोप पुरतो, पुतण्या-भाचीकडून मागून आणा. कल्ल्याच्या तंतूंमध्ये अडकलेले, न हलणारे, गोल किंवा नासपतीच्या आकाराचे गडद गोळे म्हणजे वेल्वेट. आकुंचन-प्रसरण पावणारा, एका टोकाला आकडे असलेला किडा म्हणजे फ्लूक. गोल, केसाळ, सावकाश गरगरणारा मोठा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. मेल्यावर दोन-तीन तास उलटले की परजीवी निघून जातात किंवा कल्लेच कुजू लागतात, मग काही कळत नाही.

हे सगळं झाल्यावर काचपट्टी, कात्री, टब, जाळी गोड्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा. त्याच जाळीनं दुसऱ्या टँकमधला मासा पकडायची चूक मी एकदाच केली आहे.